दाव्याला बांधलेले यंत्र

मृगाच्या सरी बरसून गेल्या की उन्हाळ्यात करपून गेलेल्या आवाराचे रूप आठ-पंधरा दिवसांत पालटून जाते. जेथे तांबूस माती आणि वाळक्या काड्या यांखेरीज काही दिसत नव्हते, तेथे हरळीचे लुसलुशीत कोंब डोके वर काढतात आणि आषाढ लागेपर्यंत घोट्याला लागू लागतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हरळी हा एक चिवट शत्रू. पण तीच हरळी बंगल्याच्या आवारात, शाळेच्या पटांगणाच्या कडेला किंवा नगरपालिकेच्या उद्यानात मोठ्या मानाने वाढविली जाते. मात्र हिरवळ म्हणून मिरवावयाचे असेल तर तिला एक अट पाळावी लागते. तिने ठरावीक उंचीच्या वर जाता कामा नये. गवत ही अट आपण होऊन पाळीत नाही. ती त्याच्याकडून पाळून घ्यावी लागते. त्यासाठी जी साधने वापरली जातात, त्यांपैकी एक म्हणजे तारेने विजेला जोडलेले गवत कापण्याचे यंत्र होय.

दिसावयास हे यंत्र साधेच असते. चार लहान चाके, वर प्लास्टिकचे कवच, कवचात मोटर, मोटरीखाली पाते, मागे कापलेले गवत साठविण्याची पेटी आणि ढकलण्यासाठी दांडा. वजन बहुधा दहा ते पंधरा किलो. म्हणजे घरातील कोणीही प्रौढ माणूस ते सहज चालवू शकतो. त्यात पेट्रोल भरावे लागत नाही, दोरी ओढून ते सुरू करण्याची खटपट नाही, धूर नाही. परंतु त्याच्या दांड्याच्या टोकापासून निघून घराच्या भिंतीपर्यंत गेलेली जी लांब तार असते, तिने त्याला जखडून ठेवलेले असते. दाव्याला बांधलेल्या वासराला जसे दाव्याच्या लांबीइतकेच चरता येते, तशीच या यंत्राची गत असते. फरक एवढाच, की वासराने दावे चावले तर ते मोकळे होते. या यंत्राने आपले दावे चावले तर माणसाच्या जिवाशी गाठ पडते. म्हणून या यंत्राच्या मालकाने पात्याच्या आधी तारेचा विचार करावयास हवा.

गवत कापण्याचे यंत्र निर्माण झाले ते इंग्लंडात. तेथे मोठमोठ्या वाड्यांभोवती विस्तीर्ण हिरवळी राखण्याची रीत जुनी होती, आणि त्या कापण्यासाठी लांब दांड्याचे मोठे विळे घेतलेले मजूर पहाटे कामाला लागत. पहाटेची वेळ निवडण्यामागे कारण होते. दवाने भिजलेले गवत विळ्याच्या धारेखाली सहज कापले जाते. तेच वाळले की पात्यापुढे लवते आणि निसटते. ही अडचण दूर केली ती ग्लॉस्टरशर परगण्यातील स्ट्राउड गावाजवळ राहणाऱ्या एडविन बडिंग या कारागिराने. त्या भागात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उरलेली लव छाटून ते गुळगुळीत करण्यासाठी तेथे एक यंत्र वापरीत. त्यात एका फिरत्या रुळावर मळसूत्राप्रमाणे वळलेली पाती बसविलेली असत. कापडावरील लव ज्या युक्तीने छाटता येते, त्याच युक्तीने जमिनीवरील लव का छाटता येऊ नये, असा विचार बडिंगने केला आणि १८३० साली आपल्या यंत्राचे एकस्व मिळविले. शेजाऱ्यांनी वेड्यात काढू नये म्हणून तो रात्रीच्या अंधारात यंत्राची परीक्षा घेत असे, अशी आख्यायिका आहे. ते यंत्र ओतीव लोखंडाचे आणि चांगलेच जड होते; एकाने मागून ढकलावे आणि दुसऱ्याने पुढून ओढावे, तेव्हा ते चाले. पुढे मोठ्या हिरवळीसाठी घोड्यांनी ओढावयाची यंत्रे निघाली, आणि घोड्यांच्या खुरांनी हिरवळ उखडू नये म्हणून त्यांच्या पायांत कातड्याचे जोडे घालीत.

बडिंगच्या एकस्वानंतर एकाच वर्षाने, १८३१ साली, लंडनमध्ये मायकेल फॅराडे याने चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करण्याचे तत्त्व शोधून काढले. पण त्या दोन शोधांची गाठ पडावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. विजेवर चालणारी गवत कापण्याची यंत्रे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आली, आणि लहान बागांच्या मालकांना ती परवडू लागली ती १९६० नंतर, स्वस्त मोटरी आणि प्लास्टिकची कवचे मिळू लागल्यावर.

एवढे कापले जाऊनही गवत मरत कसे नाही, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. गुलाबाच्या फांदीचे टोक छाटले तर त्या टोकाची वाढ तेथेच संपते. गवताचे तसे नसते. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो आणि पान बुडाकडून वर सरकत वाढते. गुराने शेंडा खाल्ला काय किंवा यंत्राने कापला काय, मूळ ठेवा सुरक्षितच राहतो. तथापि या सहनशीलतेलाही सीमा आहे. पानातच वनस्पतीचे अन्न तयार होत असल्यामुळे एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग कापला तर मुळांची उपासमार होते. उंची तीन सेंटिमीटर राखावयाची असेल, तर गवत साडेचार सेंटिमीटर होताच यंत्र बाहेर काढले पाहिजे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी कापणी करावी लागते, ती यामुळे. महिनाभर दुर्लक्ष करून मग एकदम तळापर्यंत कापले, तर हिरवळीच्या जागी पिवळा पडलेला खुंटांचा पट्टा उरतो, आणि मोटरही तापते ती वेगळीच.

विजेच्या यंत्रांत दोन जाती आहेत. एका जातीत बडिंगचीच युक्ती कायम आहे : फिरत्या रुळावरील पाती खालच्या स्थिर पात्यावर घासून जातात आणि कात्रीप्रमाणे गवत कापतात. घरोघर अधिक आढळते ती दुसरी जात. तिच्यात एकच सपाट पाते जमिनीला समांतर, पंख्यासारखे गरगर फिरते आणि केवळ वेगाच्या बळावर गवत छाटते. हा वेग किती असतो? मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे, म्हणजे सेकंदाला पन्नास. बत्तीस सेंटिमीटर लांबीच्या पात्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे एक मीटर अंतर कापते. तेव्हा ते सेकंदाला पन्नास मीटर, म्हणजेच तासाला १८० किलोमीटर वेगाने धावत असते. गवतात पडलेला लहानसा खडा या पात्याच्या तडाख्यात सापडला तर तो गोफणीतील दगडासारखा सुटतो. कापणीपूर्वी सगळी जागा पायांखालून घालून दगड, तारेचे तुकडे, हाडके, मुलांच्या गोट्या वेचून काढाव्यात, चालविणाऱ्याने पायांत जाड बूट घालावेत आणि मुलांना त्या वेळी आवारात येऊ देऊ नये, ते याचसाठी.

आता तारेकडे वळावयास हरकत नाही. १४०० वॉटचे यंत्र आपल्याकडील २३० व्होल्ट दाबावर सुमारे सहा अँपिअर विद्युतप्रवाह घेते. अर्धा तास ते चालले तर पाऊण युनिटाहून थोडी कमीच वीज खर्च होते, म्हणजे खर्चाच्या दृष्टीने ते मुळीच उधळे नाही. परंतु हाच प्रवाह माणसाच्या शरीराच्या मापाने पाहिला तर काय दिसते? एका अँपिअरचे हजार भाग केले तर त्यांतील तीस भाग, म्हणजे तीस मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जाऊ लागला, की स्नायू आखडतात, हातातील वस्तू सोडवत नाही आणि श्वास कोंडतो. प्रवाह याहून वाढला किंवा टिकून राहिला तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडून मृत्यू ओढवतो. यंत्रासाठी लागणाऱ्या प्रवाहाचा हा दोनशेवा हिस्सा आहे. पुष्कळांची अशी समजूत असते, की घरात फ्यूज आहे, तेव्हा चिंता नाही. ही समजूत घातक आहे. फ्यूज तारेचे रक्षण करण्यासाठी असतो, माणसाचे नव्हे. सोळा अँपिअरचा फ्यूज वितळण्यापूर्वी माणूस कितीतरी वेळा मरून जाईल, आणि फ्यूजला त्याची वार्ताही लागणार नाही.

माणसाच्या रक्षणासाठी निराळी कळ असते. बाजारात ती आर.सी.सी.बी. या अक्षरांनी ओळखली जाते. तिचे तत्त्व हिशेबनिसाचे आहे. फेजच्या तारेतून जेवढा प्रवाह यंत्राकडे गेला, तेवढाच न्यूट्रलच्या तारेतून परत आला पाहिजे. दोन्ही तारा एकाच लोहकड्यातून गेलेल्या असतात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल तर त्यांचे चुंबकीय परिणाम परस्परांना खोडून काढतात आणि कळ स्वस्थ राहते. एखाद्याच्या अंगातून काही प्रवाह जमिनीत गेला, की परत येणारा प्रवाह तेवढ्याने उणा पडतो. तीस मिलिअँपिअरची तूट येताच, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, ही कळ वीज तोडून टाकते. जुन्या घरांतून ही कळ पुष्कळदा नसते. अशा घरात तारेचे यंत्र आणावयाचे असेल तर आधी कळ बसवावी, मग यंत्राला हात लावावा. कळीवर परीक्षेचे एक लहान बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून कळ पडते की नाही, हे पाहून घ्यावे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. एकाच माणसाने फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही उघड्या तारांना एकदम स्पर्श केला, तर त्या हिशेबनिसाला तूट दिसतच नाही. तो माणसालाही एक यंत्रच समजतो.

यंत्राच्या प्लगला अर्थिंगची तिसरी पिन नाही, हे पाहून काही घरमालक बुचकळ्यात पडतात. कवचावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर तो दोष नव्हे. अशा यंत्रात विजेचे भाग आणि माणसाचा हात यांच्यामध्ये विद्युतरोधक वेष्टणाचे दोन थर असतात, म्हणून त्याला अर्थिंग लागत नाही. पण हे दुहेरी कवच यंत्राला आहे. गवतात लोळत पडलेल्या तारेला तसे काही नाही.

तार पात्याखाली येणे हा या यंत्राचा नेहमीचा अपघात होय. यंत्र एकदम बंद पडते. तार कुठे तुटली हे पाहण्यासाठी चालविणारा खाली वाकतो आणि तुटलेले टोक उचलतो. घरात वीज गेलेली नसेल तर भिंतीकडून आलेले ते टोक अद्यापि सजीव असते, आणि ओल्या गवतात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला ते क्षमा करीत नाही. असा प्रसंग आला की जागच्या जागी मूठ सोडावी, तारेकडे न जाता भिंतीकडे जावे, बटण बंद करून प्लग उपसून काढावा आणि मगच परत यावे. कोणी तारेला चिकटला असेल तर त्याला हाताने ओढू नये. आधी मुख्य कळ पाडावी. तुटलेली तार पीळ देऊन आणि वर चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा वापरण्याचा मोह अनेकांना होतो. खोलीत कोरड्या जागी असले सांधे कसेबसे चालतही असतील. गवतात ते चालत नाहीत. चिकटपट्टीखाली दव शिरते.

याहून भयंकर असा एक प्रकार घरगुती कारागिरीत आढळतो. यंत्राचा प्लग बसविण्यासाठी लांब तार करताना दोन्ही टोकांना पिनांचेच प्लग लावले जातात. मग भिंतीतील सॉकेटमध्ये एक प्लग खोचला, की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पितळी पिनांत वीज येऊन उभी राहते. नियम सोपा आहे. छिद्रांचा भाग विजेकडील तारेला आणि पिनांचा भाग यंत्राकडील तारेला असला पाहिजे, म्हणजे जोड सुटला तरी सजीव भाग छिद्रांच्या आतच झाकलेला राहतो. तो जोड दांड्यावरील अडकवणीत वळसा देऊन अडकवावा, म्हणजे ओढ बसली तरी तो सुटत नाही.

तारेच्या जाडीचाही विचार करावा लागतो. तीस मीटर लांबीच्या तारेतून प्रवाह जातो तीस मीटर आणि परत येतो तीस मीटर. आतील तांब्याचा छेद अर्धा चौरस मिलिमीटर असेल तर या साठ मीटरांत सुमारे बारा व्होल्ट दाब खर्ची पडतो आणि ७५ वॉट शक्ती केवळ तार तापविण्यात जाते. दीड चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हे नुकसान एक तृतीयांशावर येते. मोकळ्या पसरलेल्या तारेची ऊब वाऱ्यावर निघून जाते. पण हीच तार फिरकीवर गुंडाळलेली असेल तर थरावर थर तापत जातात आणि आतील वेष्टण मऊ होऊन वितळते. काम दहा मीटरचे असले तरी फिरकीवरील तार पूर्ण उलगडावी, असे जाणते वीजकारागीर सांगतात ते याच कारणाने. तारेचा रंग नारिंगी किंवा पिवळा असावा. काळी तार सावलीतील गवतात दिसत नाही, आणि हिरव्या रंगाची तार घेणाऱ्या मनुष्याच्या समजुतीविषयी काय बोलावे!

कापणीची दिशाही तारच ठरविते. सुरुवात भिंतीतील सॉकेटच्या जवळून करावी आणि हळूहळू दूर जावे. शेतात औताची तासे जशी एकाला एक लागून पडतात, तसे सॉकेटकडून येणाऱ्या तारेला आडवे पट्टे काढीत जावे आणि प्रत्येक वळण तारेच्या विरुद्ध बाजूला घ्यावे. मग तार नेहमी कापून झालेल्या भागावर पडते आणि पाते नेहमी न कापलेल्या भागावर असते; दोघांची भेट होतच नाही. उरलेली तार खांद्यावरून मागे सोडणारे अनुभवी माळी पुष्कळ दिसतात. दूरच्या कोपऱ्यापासून आरंभ करून भिंतीकडे येणारा माणूस मात्र प्रत्येक पावलाला आपल्याच तारेवर चाल करून जात असतो.

दांड्याच्या मुठीखाली एक पट्टी असते. तिच्याजवळचे बटण आणि ती पट्टी दोन्ही दाबल्याखेरीज मोटर सुरू होत नाही, आणि पट्टी सोडताच ती बंद होते. माणूस घसरून पडला तर यंत्र आपोआप थांबावे, अशी ही योजना आहे. हात दुखतो म्हणून ती पट्टी सुतळीने बांधून ठेवण्याची युक्ती काही ठिकाणी पाहावयास मिळते. योजना करणाऱ्याची सारी बुद्धी दोन वावांच्या सुतळीने व्यर्थ घालविण्याचा हा प्रकार होय. पट्टी सोडल्यावरही पाते काही सेकंद फिरत राहते, हे विसरता कामा नये.

या यंत्राची खरी अडचण महाराष्ट्रात पावसाळ्यात जाणवते. जुन्या काळचा विळा ओल्या गवताच्या शोधात असे. हे यंत्र ओल्या गवताला भिते. ओले गवत पात्याखालच्या पोकळीत चिकटून बसते, मोटर अडखळते आणि पाय घसरतो. विजेचा धोका तर पावलोपावली असतो, कारण ओली जमीन आणि ओले अंग वीज सहज वाहून नेतात. पण गवत वाढते ते याच दिवसांत! यंत्राची गरज ज्या महिन्यांत सर्वांत अधिक, त्याच महिन्यांत ते चालविण्याजोगे तास सर्वांत थोडे. पुण्याकडे श्रावणात अधूनमधून ऊन पडते. अशा दिवशी दुपारी हाताने गवत चाचपून ते कोरडे लागले तर काम उरकून घेता येते. कोकणात संततधार लागली की आठ-आठ दिवस तशी दुपार उगवत नाही. तेथे खुरपे, विळा किंवा हाताने ढकलण्याचे रुळाचे यंत्र हेच खरे सोबती. गवत हातभर वाढले तरी चालेल, पण ओल्यात तार ओढू नये.

निगा राखण्याची कामे थोडी आहेत. पण ती सर्व प्लग उपसून झाल्यावरच करावयाची असतात. कापणी संपताच यंत्र आडवे करून खालच्या पोकळीतील गवत लाकडी पट्टीने खरवडून काढावे. नळाचे पाणी मारून ते धुणे म्हणजे मोटरीत पाणी घालणे होय. कवचावरील हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत. ती बुजली की मोटर गुदमरते. पाते बोथट झाले की नाही हे गवतच सांगते. धारदार पात्याने कापलेल्या पानाचे टोक सरळ असते. बोथट पात्याने ते फाटते आणि दोन दिवसांत सगळी हिरवळ पांढुरकी-तपकिरी दिसू लागते. मग जाड हातमोजे घालून पाते काढावे आणि दोन्ही टोकांना मूळच्याच उतारात कानस फिरवावी. पाते ज्या पान्याने उतरवावयाचे, त्या कमी-जास्त रुंदीच्या पान्याचा एक प्रकारही बडिंगच्याच नावावर सांगतात. धार लावल्यावर पाते मधल्या छिद्रातून खिळ्यावर टांगून पाहावे. एक बाजू खाली झुकली तर ती जड आहे. तिकडे आणखी थोडी कानस लावून तोल साधावा. तोल गेलेले पाते सेकंदाला पन्नास वेळा यंत्राला हिसके देते, आणि मोटरीची बेअरिंगे पहिल्याच हंगामात खिळखिळी होतात. काही मोटरींत कोळशाचे दोन लहान तुकडे असतात, त्यांना कार्बन ब्रश म्हणतात. मोटरीत ठिणग्या वाढल्या, वेग कमी-जास्त होऊ लागला, तर ते झिजले असे समजावे. ते बदलणे स्वस्त असते.

आता बॅटरीवर चालणारी यंत्रे आली आहेत आणि त्यांना दावे नाही. ती महाग असतात, बॅटरी काही वर्षांनी थकते, आणि मोठ्या आवारात काम अर्धवट टाकून तासभर थांबावे लागते. तारेच्या यंत्राला थकवा ठाऊक नाही. कोयनेच्या पाण्यावर किंवा चंद्रपूरच्या कोळशावर वीज निर्माण होत आहे तोवर ते चालते. लहान आवार, भिंतीजवळ सॉकेट आणि सावध मालक असा योग असेल, तर ते आजही सोयीचे आहे.

दिवाळी झाल्यावर थंडीने हरळीची वाढ मंदावते आणि यंत्राला विश्रांती मिळते. त्या वेळी पाते पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा. तार कोपरावर घट्ट गुंडाळू नये, त्याने आतील तांब्याचे बारीक तंतू तुटतात. मोठे सैल वेढे करून ती खुंटीला उंच टांगावी, कारण अडगळीच्या खोलीतील उंदरांना तारेचे वेष्टण कुरतडण्याची भारी हौस असते. पुढल्या ज्येष्ठात यंत्र बाहेर निघेल, तेव्हा प्लग खोचण्याआधी सगळी तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सावकाश ओढून पाहावी. जेथे बोटाला खाच लागेल, तेथे ती तार टाकून नवी आणावी.